खबर आली की आधी सनद विचारा: मदरशाच्या होस्टेलमधल्या पोरांना मोबाईलवरची माहिती पारखायला कसं शिकवायचं

मी बडोद्याचा, घर दांडिया बाजारात, आणि आयुष्याची ३० वर्षं एका कॉलेजच्या लायब्ररीत काढली. रिटायर झाल्यावर शहराच्या कडेला एका मदरशात गेलो तो खरं तर त्यांच्या कुतुबखान्याची, म्हणजे लायब्ररीची, यादी कॉम्प्युटरवर करून द्यायला. ते काम दोन महिन्यात संपलं पण माझं जाणं काही संपलं नाही, अजून दर गुरुवारी दुपारी जातो. आता दोघातिघांनी विचारलं की आमच्या ओळखीच्या मदरशात पण असा क्लास सुरू करायचाय, नक्की काय शिकवता, कसं शिकवता, म्हणून हे सगळं एकदाचं लिहून काढतोय.

सुरुवात एका पोरापासून झाली. वय २० च्या आसपास, दौरा-ए-हदीसला होता, म्हणजे शेवटचं वर्ष, ज्यात बुखारी, मुस्लिम वगैरे हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचे आणि वागण्याच्या आठवणींचे, मोठे संग्रह वाचून घेतात. तो एक दिवस माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, ये मेसेज सही है क्या?" बघितलं तर स्कॉलरशिपची लिंक, आज शेवटची तारीख, फॉर्म भरा आणि १० जणांना पाठवा. मी म्हटलं अरे हे फसवणुकीचं आहे, तर त्याचा चेहरा पडला, कारण सुट्टीत घरी गेला तेव्हा बापाचा खाते नंबर, ओटीपी सगळं देऊन बसला होता आणि साडेचार हजार गेले होते. गावाकडचा शेतमजूर माणूस, त्याचे साडेचार हजार. मला रात्री झोप नाही आली. आणि जास्त लागलं ते हे की त्याच संध्याकाळी मी त्याला सबक म्हणताना ऐकलं, अमक्याने तमक्याकडून ऐकलं, त्याने त्याच्या उस्तादाकडून ऐकलं, अशी बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसांची साखळी न अडखळता. ज्या पोराला ही साखळी, म्हणजे सनद, विचारायची सवय लावलेली आहे त्याने लिंक कुठून आली हे विचारलं नाही. का नाही विचारलं? कारण दोन्ही एकच गोष्ट आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझा सगळा क्लास या एका गोष्टीवर उभा आहे. बाहेरून काही नवीन नेऊन शिकवायचं नाही. त्यांच्याकडे जे आहे तेच मोबाईलवर लावायला शिकवायचं.

आधी उस्तादांशी बोला, पोरांशी नंतर

थेट वर्गात जाऊन "मुलांनो फेक न्यूज म्हणजे काय" असं सुरू करू नका. नाझिम साहेबांना, मोहतमिम साहेबांना भेटा (पहिले रोजचा कारभार बघतात, दुसरे संस्थेचे प्रमुख), चहा घ्या, तुमचा काय विचार आहे ते सांगा. मी गेलो तेव्हा मौलाना साहेब म्हणाले, तुम्ही कागदावर काय काय शिकवणार ते लिहून आणा. मी आणलं. त्यांनी ते वाचून मला कुराणातली सूरह हुजुरात, आयत ६ काढून दाखवली. तिचा मतलब असा की भरवशाचा नसलेला माणूस खबर घेऊन आला तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल. या शहानिशेला तबय्युन म्हणतात. मौलाना साहेब म्हणाले, तुमच्या पूर्ण कागदाचं हेडिंग हे आहे. तेव्हापासून पहिला तास ते स्वतः घेतात, दीन की बात, म्हणजे धर्माचं, ते सांगतात आणि मोबाईलचं मी सांगतो. ही वाटणी फार महत्त्वाची आहे. धर्माचा अर्थ लावणं हे आपलं काम नाही आणि पोरं पण उस्तादाच्या तोंडून आलेली गोष्ट जास्त धरून ठेवतात.

इंडोनेशियात अशा निवासी शाळांना पेसान्त्रेन म्हणतात आणि तिथल्या विद्यार्थ्यांना सान्त्री. तिकडे अफवांच्या विरोधात हाच तबय्युन शब्द सर्रास वापरतात, आणि तिथल्या उलेमा कौन्सिलने २०१७ मध्ये सोशल मीडिया कसा वापरावा यावर फतवाच काढला, क्रमांक २४, ज्यात खोट्या बातम्या पसरवणं हराम म्हटलंय. ही गोष्ट उस्तादांना सांगा, म्हणजे हा आपल्या एकट्याच्या डोक्यातला प्रकार नाही हे कळतं.

शब्दांची एक गंमत पण सांगून ठेवतो, कारण मराठी माणूस इथे चुकतो. तिथे मगरिबनंतर, म्हणजे संध्याकाळच्या नमाजानंतर, पोरं गोल करून बसतात आणि नाझिम म्हणतात "तकरार चल रही है". मी पहिल्या दिवशी घाबरलो, म्हटलं कसली तक्रार. तर तकरार म्हणजे दिवसाचा धडा एकमेकांना परत समजावून सांगणं. सनद म्हणजे आपल्याकडे वकिलाची सनद किंवा गायकवाडी काळातला जमिनीचा कागद, तिथे सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी. तालीम म्हणजे आपला आखाडा, तिथे शिक्षण. (बडोदेकरांना हे दोन्ही अर्थ जवळचे वाटावेत, आपल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात उस्ताद जुम्मादादा आणि त्यांची गादी चालवणारे प्रो. माणिकराव.) हे शब्द शिकून घ्या. वर्ग अर्धा तिथेच जिंकता.

मोबाईल नाही तर शिकवायचं कशावर

बहुतेक होस्टेलमध्ये स्मार्टफोन ठेवायला बंदी असते, साधा बटणाचा फोन चालतो किंवा गुरुवारी दुपारपासून शुक्रवारी संध्याकाळपर्यंत, सुट्टी असते तेवढा वेळ फोन हातात मिळतो. लोक मला म्हणतात की मग त्यांना शिकवून काय उपयोग, फोनच नाहीये. उलट आहे. शाबान महिन्यात परीक्षा झाल्या की मदरसे रमजान संपेपर्यंत बंद असतात, शव्वालमध्ये परत सुरू होतात. म्हणजे जवळजवळ दोन महिने पोरगा घरी, हातात भावाचा नाहीतर मामाचा फोन, आणि विचारायला कुणी नाही. १० महिने कोरडं ठेवून एकदम पाण्यात ढकलल्यासारखं होतं ते. मी बंदीच्या विरोधात नाही, लहान हिफ्जच्या, म्हणजे कुराण पाठ करणाऱ्या, पोरांना फोन नसलेलाच बरा, पाठांतराला शांत डोकं लागतं, पण नुसती बंदी म्हणजे शिकवण नव्हे हे नाझिम साहेबांना पण पटलं.

तर उपाय काय, पेटी. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या लायब्ररियनला बोलावून बडोद्यात सेंट्रल लायब्ररी उभी केली आणि गावोगाव लाकडी पेट्यांमध्ये पुस्तकं भरून पाठवायला सुरुवात केली, फिरतं वाचनालय. जिथे लायब्ररी नाही तिथे पेटी जायची. मी पण एक पत्र्याची पेटी केली, तिच्यात प्रिंटआऊट: व्हायरल मेसेजचे, फोटोंचे, वेबसाईटच्या पानांचे. फोन न वापरता ७० टक्के क्लास या पेटीवर होतो. रंगीत प्रिंट महाग पडतं म्हणून फोटो तेवढे रंगीत काढा, बाकी ब्लॅक अँड व्हाईट चालतं, आणि प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घाला नाहीतर दुसऱ्या बॅचला काही उरत नाही.

उरलेल्यासाठी कुतुबखान्यात एक कॉम्प्युटर असावा, स्क्रीन दाराकडे तोंड करून, बाजूला रजिस्टर. रजिस्टरमध्ये फक्त नाव आणि वेळ नाही लिहायची, "काय शोधायला बसलो" आणि "काय सापडलं" हे दोन रकाने ठेवा. त्या दोन रकान्यांनी जेवढी शिस्त येते तेवढी कुठल्या फिल्टरने येत नाही, माझा अनुभव आहे.

मुख्य धडा: माणूस चांगला असतो आणि खबर खोटी असते

हा धडा सगळ्यात जास्त वेळ घेतो आणि घेऊ द्या, मी तीन गुरुवार देतो.

अडचण अशी असते की पोराला मेसेज येतो कुणाकडून, तर मामाकडून, गावच्या हाफिजजींकडून, जुन्या उस्तादाकडून. आता हा मेसेज खोटा आहे म्हणणं म्हणजे मोठ्या माणसाला खोटं म्हणणं. आपल्या घरात पण हेच होतं ना, काकांनी पाठवलेल्या मेसेजला फॅमिली ग्रुपवर कोण खोटं म्हणणार? म्हणून पोरं गप्प बसतात आणि पुढे ढकलतात.

याचं उत्तर त्यांच्याच अभ्यासात आहे आणि मला ते मौलाना साहेबांनी दाखवलं. हदीस सांगणारा माणूस, रावी, त्याला पारखताना दोन गोष्टी वेगवेगळ्या बघतात. एक अदालत, म्हणजे माणूस सचोटीचा आहे का. दुसरी जब्त, म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं लक्षात ठेवून किंवा लिहून ठेवून पुढे देण्याची त्याची पक्की क्षमता आहे का. दोन्ही लागतात. माणूस कितीही नेक, कितीही इबादत करणारा असो, स्मरण कच्चं असेल तर त्याने सांगितलेलं जईफ, म्हणजे कमजोर, धरतात. त्यात त्याचा अपमान नाही. जुन्या विद्वानांनी मोठमोठ्या परहेजगार लोकांबद्दल हे स्पष्ट लिहून ठेवलंय.

हे एकदा पोरांना मोबाईलच्या संदर्भात सांगितलं की चेहरे बदलतात, खरंच बदलतात. मामाची अदालत पक्की, जब्त कच्ची! मामा खोटारडा नाही, मामाने फक्त न वाचता पुढे ढकललंय. आता तो पोरगा मामाचा मान ठेवून मेसेज थांबवू शकतो.

मग बाकीचे शब्द आपोआप लागतात, फळ्यावर दोन बाजू करा आणि पोरांकडूनच भरून घ्या:

मजहूल, म्हणजे ज्याची काही माहितीच नाही असा रावी. व्हॉट्सअॅपवर "एका डॉक्टर मित्राने सांगितलंय" हा मजहूल.

मुनकता, म्हणजे मधेच तुटलेली साखळी. ज्या फॉरवर्डवर पहिल्याने कुणी लिहिलं ते दिसतच नाही तो.

तदलीस, म्हणजे साखळीतला एखादा दुवा झाकून सांगणं. नाव आणि तारीख कापलेला स्क्रीनशॉट. हे एका १७ वर्षांच्या पोराने स्वतःहून सांगितलं, मला सुचलं नव्हतं.

मौजू, बनावट.

आणि साखळीत दोघांची भेट शक्य होती का, हा प्रश्न. इमाम बुखारी (८१० ते ८७०) या बाबतीत फार कडक, शिष्याची उस्तादाशी भेट झाल्याचं दिसलं पाहिजे म्हणायचे. आपल्याकडे हा प्रश्न असा करायचा की जो सांगतोय तो तिथे होता का? सुरतच्या घटनेबद्दल पाटण्याचा अकाऊंट "आँखों देखा हाल" कसं काय सांगतोय?

आणखी एक हदीस मौलाना साहेब नेहमी सांगतात, सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेत आहे, ऐकलेलं सगळं सांगत सुटणं एवढं पण माणूस खोटा ठरायला पुरे. पोरांनी ती कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या वर चिकटवली.

एक सावधगिरी मात्र. या तुलनेला मर्यादा आहे. हदीसची साखळी लिहिलेली सापडते, इंटरनेटवर बहुतेक वेळा साखळी नसतेच, पुसलेली असते. म्हणून फक्त साखळीवर थांबून चालत नाही, बाहेर पडून बघावं लागतं. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या वाइनबर्ग आणि मॅकग्र्यू यांनी इतिहासाचे प्रोफेसर, हुशार विद्यार्थी आणि धंद्याने फॅक्ट चेकर असलेले लोक, तिघांना अनोळखी वेबसाईट दिल्या. प्रोफेसर आणि विद्यार्थी त्या पानातच वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि पुष्कळजण फसले, फॅक्ट चेकर लगेच दुसरी टॅब उघडून या साईटबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघायला गेले. मदरशाच्या पोरांना तर हे जास्त सांगावं लागतं कारण त्यांना किताब बारकाईने, ओळ न ओळ वाचायची सवय असते, ती सवय किताबेला सोन्यासारखी आहे पण अनोळखी वेबसाईटला ती लावली तर वेळ जातो आणि फसगत होते. तिथे आधी बाहेर पडायचं, मग वाटलं तर आत येऊन वाचायचं.

अदलाबदलीचा खेळ

इमाम बुखारींचा एक किस्सा सगळ्या तलबांना, म्हणजे विद्यार्थ्यांना, माहीत असतो. ते बगदादला गेले तेव्हा तिथल्या लोकांनी परीक्षा घ्यायला १०० हदीसच्या साखळ्या मुद्दाम उलटसुलट केल्या, याची साखळी त्याला, आणि १० जणांनी १०-१० करून विचारल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग एकेक मजकूर त्याच्या बरोबर साखळीला परत जोडून दिला.

हाच खेळ करायचा. १० फोटो, १० कॅप्शन, सगळ्या मिसळून टाकायच्या आणि पोरांनी जोड्या लावायच्या. का लावली ते पण सांगायचं: पाटीवरची भाषा, गाडीची नंबरप्लेट, झाडं, पोलिसांचा गणवेश, सावली, लोकांच्या अंगावर स्वेटर आहेत का. बडोद्याचे फोटो नक्की घाला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा मगरी खरोखर सोसायट्यांमध्ये शिरल्या होत्या. पोरं म्हणतात हे खोटं, एवढी मगर रस्त्यावर कशी येईल, बिहारकडून आलेली पोरं तर अजिबात मानत नाहीत. आणि २०१९ च्या पुरातले व्हिडिओ पण अजून फिरत असतात. म्हणजे एकाच विषयात खरं पण आहे आणि जुनं ते नवं म्हणून खपवलेलं पण आहे. यातून त्यांना कळतं की "विश्वास बसत नाही" हा काही पुरावा नाही आणि "शक्य वाटतंय" हा पण नाही.

मोठ्या पोरांना मी राईनपाड्याचं सांगतो. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ५ माणसं, भिक्षा मागत फिरणारी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने मारून टाकली. त्या दिवसांत देशभर फिरत असलेला एक व्हिडिओ, मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यातून पोर उचलून नेतात, तो मुळात कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची जाहिरात होती. मूळ व्हिडिओत शेवटी ते पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात की मूल असं सेकंदात हरवू शकतं. तेवढा शेवट कापला. बस. हे सांगितलं की वर्ग अगदी गप्प होतो, आणि मी पण थोडा वेळ काही बोलत नाही. एकाने विचारलं की सर, कापणाऱ्याला गुनाह जास्त की पुढे पाठवणाऱ्याला. मी उस्तादांकडे बघितलं, ते म्हणाले यावर पुढच्या जुमेरातला बोलू, आणि खरंच पुढच्या गुरुवारी पूर्ण तास त्यावरच गेला.

त्याच जुलैमध्ये व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी ५ चॅटची मर्यादा आणली. आता पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेल्या मेसेजवर दोन बाण दिसतात आणि एप्रिल २०२० पासून तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. दोन बाण म्हणजे काय हे पोरांना दाखवा, बऱ्याच जणांना वाटतं की दोन बाण म्हणजे मेसेज महत्त्वाचा आहे!

ईदच्या चंद्राचा मेसेज हा तर आयता धडा आहे, दरवर्षी येतो. सौदीत जाहीर झालं की इथे लगेच "चांद मुबारक" सुरू, इथल्या हिलाल कमिटीने, म्हणजे चंद्र दिसल्याचं ठरवणाऱ्या कमिटीने, अजून काही सांगितलेलंच नसतं. चंद्र दिसल्याची साक्ष कोण देऊ शकतो, किती जणांची लागते, कमिटी काय तपासते हे उस्ताद समजावतात आणि मी फक्त एवढं विचारतो की चंद्रासाठी एवढी चौकशी तर दंगलीच्या बातमीसाठी किती पाहिजे.

लिंक वाचणं म्हणजे नसब वाचणं

नसब म्हणजे वंशावळ. हा भाग अर्ध्या तासात होतो आणि फायदा सगळ्यात जास्त. माणसाचं नाव अरबीत कसं लिहितात, अहमद बिन यूसुफ बिन इब्राहिम. अहमद हा यूसुफचा मुलगा, यूसुफ इब्राहिमचा. खानदान कळायला शेवटी जावं लागतं. वेबसाईटच्या पत्त्याचं अगदी असंच आहे. सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्याच्या दोन तिरप्या रेघा सोडा, मग पुढची पहिली तिरपी रेघ येईपर्यंतचा भाग घ्या आणि डॉटच्या जागी बिन म्हणा. स्कॉलरशिप्स बिन जीओव्ही बिन इन. शेवटचं जीओव्ही डॉट इन हे सरकारचं खानदान, ते कुणालाही असंच घेता येत नाही. आता दुसरा पत्ता, स्कॉलरशिप-जीओव्ही-इन बिन एक्सवायझेड. इथे जीओव्ही नुसतं नावात घुसवलंय, मधे डॅश आहे, बिन नाहीये, आणि बाप आहे एक्सवायझेड. तिरप्या रेघेनंतर जे काही येतं ते लकब, म्हणजे पदवी, कुणी स्वतःला काहीही लावून घेऊ शकतो.

कुलुपाच्या चिन्हावर जाऊ नका हे पण सांगा. ते फक्त वाटेत कुणी वाचणार नाही एवढंच सांगतं, पलीकडे चोर बसलाय का ते नाही सांगत.

पत्ते कागदावर लिहून द्या, २० ओरिजिनल आणि २० डुप्लिकेट, आणि स्पर्धा लावा. ज्या पोराचे साडेचार हजार गेले होते तो आता लहान पोरांना हे शिकवतो, माझ्यापेक्षा चांगलं.

शोधायचं कसं

या पोरांची उर्दू अरबी उत्तम, गुजराती बरी, इंग्लिश कच्ची. ती सर्चमध्ये पूर्ण वाक्य उर्दूत लिहितात आणि पहिला जो व्हिडिओ येतो तो बघतात. दोन सवयी लावा. एक, वाक्य नाही, चार शब्द: जागा, वस्तू, वर्ष, आणि "फॅक्ट चेक". दुसरी, तोच शोध हिंदी, गुजराती आणि मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये परत करायचा, स्पेलिंग चुकलं तरी चालतं. फोटो असेल तर गूगल लेन्स, आणि तिथे सगळ्यात जुना फोटो कधीचा दिसतो ते बघायचं. पीआयबी (केंद्र सरकारचं माहिती खातं) फॅक्ट चेक सरकारी योजनांच्या मेसेजसाठी उपयोगी, बाकीसाठी ऑल्ट न्यूज, बूम, न्यूजचेकर, फॅक्ट क्रेसेंडो वगैरे आहेत, पण एकावर थांबू नका म्हणतो मी, दोन तरी बघा.

एक बारीक गोष्ट जी मला पण खूप उशिरा कळली. अरबी काफ आणि उर्दू काफ कॉम्प्युटरला दोन वेगळी अक्षरं आहेत, दिसायला थोडाच फरक. तसंच ये. उर्दू कीबोर्डने टाईप करून अरबी किताबेत शोधलं की काही प्रोग्रॅममध्ये "नहीं मिला" येतं आणि पोरगा समजतो की किताबेत ते नाहीच. म्हणून सापडलं नाही म्हणजे नाही असं नाही, कीबोर्ड बदलून परत शोधा. मकतबा शामिला वापरणाऱ्या पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगा, त्यात हजारो अरबी किताबा आहेत आणि मोठी पोरं त्यावरच असतात. आणि शोधून एक ओळ मिळाली की खूश व्हायचं नाही, आधीचं एक पान आणि नंतरचं एक पान वाचायचंच.

हदीसचा नंबर पण फसवतो. वेगवेगळ्या छापील आवृत्त्यांमध्ये नंबर वेगळे असतात. नंबर जुळला नाही म्हणून लगेच बनावट म्हणू नका, आणि नंबर दिलाय म्हणून खरी पण मानू नका. किताब, बाब (म्हणजे प्रकरण), मग मजकूर असं उघडून बघायचं.

चॅटबॉटचं काय, हे आता प्रत्येक वेळी कुणी तरी विचारतंच. मी नको म्हणत नाही, करून दाखवतो. एखाद्या विषयावर हदीस आणि नंबर माग म्हणायचं, आणि जे येईल ते उस्तादांच्या समोर छापील किताबेत शोधायचं. कधी बरोबर निघतं. कधी मजकूर एकीकडचा, नंबर दुसरीकडचा, आणि कधी असं काही कुठे नसतंच, पण भाषा एवढी ठाम की कुणाला शंका येऊ नये. पोरं स्वतःच म्हणाली की ये तो जब्त में कमजोर है. पत्र लिहायला, इंग्लिश समजून घ्यायला वापरा, दीनच्या हवाल्यासाठी नाही, असं तिथे ठरलं.

सेंट्रल लायब्ररीत आणि जमलं तर ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये पोरांना एकदा घेऊन जा, नाझिम साहेबांची परवानगी काढून. ओरिएंटल इन्स्टिट्यूटने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती केली, देशभरातल्या वेगवेगळ्या लिप्यांमधल्या हस्तलिखितांची ओळ न ओळ ताडून, १९७५ पर्यंत ७ कांडं पुरी झाली. एका पोराने ते ऐकून विचारलं की मग नक्कल करणाऱ्याची चूक कशी पकडायचे, आणि तिथून जी चर्चा सुरू झाली ती परत येताना रिक्षात पण चालू होती.

छोट्या पोरांना लुकमा

हिफ्जच्या पोरांना, ९ ते १३ वयाच्या, सनद वगैरे जड जातं. त्यांना लुकमा सांगा. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात इमाम कुराण म्हणताना अडला किंवा चुकला तर मागे उभा असलेला हाफिज बरोबर शब्द देतो, त्याला लुकमा देणं म्हणतात. लुकमा कसा देतात, फक्त तेवढाच शब्द, स्पष्ट, आणि इमाम तो घेऊन पुढे जातो. भाषण नाही, भांडण नाही, इमामाचा पाणउतारा नाही. ग्रुपवर चुकीचा मेसेज आला तर असंच करायचं: "ये वीडियो २०१९ का है" आणि लिंक, बस. आणि मोठ्यांना असेल तर ग्रुपवर नाही, वेगळं पाठवायचं, वर सलाम लिहून. एका अक्षराने आयत बदलते हे या पोरांच्या हाडात मुरलेलं असतं, त्यांना मेसेजमधली बदललेली तारीख आपल्यापेक्षा लवकर दिसते.

पैसे, ओटीपी, फोटो

हे पटकन सांगून मोकळं व्हा पण सोडू नका. ओटीपी कुणाला नाही, उस्तादाला पण नाही. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. "डिजिटल अरेस्ट" नावाची अटक कायद्यात नाही. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईन नंबरला फोन, जेवढ्या लवकर तेवढं बरं, आणि शरमेने गप्प बसू नका. हे शेवटचं मी दोनदा म्हणतो.

मदरशाच्या पेजवर पोरांचे फोटो, नावं, गाव असं टाकण्याबद्दल मोहतमिम साहेबांशी वेगळं बोला. लहान मुलांचा चेहरा आणि पूर्ण पत्ता एकत्र टाकू नये, पालकांची लेखी परवानगी घ्यावी. आमच्याकडे आता जलशाचे फोटो मागच्या बाजूने काढतात.

वर्षाचं गणित

शव्वालमध्ये नवीन पोरं येतात, पहिले दोन महिने त्यांना रुळू द्या. मग सनदचे तीन गुरुवार, खेळाचे चार, लिंकचे दोन, शोधायचे जेवढे जमतील तेवढे. परीक्षेच्या आधी महिनाभर क्लास बंद ठेवा, हट्ट करू नका. आणि शाबानच्या सुट्टीला पोरं निघतात त्या आधीचा शेवटचा तास फक्त सुट्टीचा: प्रत्येकाला एक कोरी वही द्यायची. सुट्टीत आलेले ५ मेसेज त्यात उतरवायचे, कुणाकडून आला, त्याने कुणाकडून घेतला, मी काय तपासलं, पुढे पाठवला का थांबवला. या वर्षी ४३ वह्या दिल्या, २९ परत आल्या. एका वहीत बिहारमधल्या अररियाच्या पोराने लिहिलंय की अब्बा आता पुढे पाठवण्याआधी त्याला विचारतात, आणि खाली अब्बांनी स्वतः हिंदीत दोन ओळी लिहिल्यात की अशी एक वही माझ्यासाठी पण पाठवा. ती कालच पोस्टात टाकली.